वाटी आणि वाटा : एक्स्चेंज यादीवर बारा आठवडे

दिवस 0

सकाळी उपाशीपोटी वजन 82.6 किलो. आहारतज्ज्ञ बाईंनी साधारण 1500 कॅलरींची योजना आखून दिली. कॅलरी मोजत बसायचं नाही, एक्स्चेंज मोजायचे, म्हणजे गटवार यादीत प्रत्येक पदार्थाचं दिलेलं एकेक ठरावीक माप. घरी आम्ही पहिल्याच दिवशी एक्स्चेंजला ‘वाटा’ म्हणायला सुरुवात केली, तोच शब्द पुढे वापरतो.

माझे दिवसाचे वाटे असे: पिष्टमय 6, फळं 3, कमी चरबीचं दूध 2, पिष्टमय नसलेल्या भाज्या 4, प्रथिनं 5 आणि स्निग्ध 5. पिष्टमय वाट्यात 15 ग्रॅम कर्बोदकं, 3 ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे 80 कॅलरी धरतात. फळाच्या वाट्यात 15 ग्रॅम कर्बोदकं, 60 कॅलरी. कमी चरबीच्या दुधात 12 ग्रॅम कर्बोदकं, 8 ग्रॅम प्रथिनं, 100 कॅलरी. भाजीत 25 कॅलरी. प्रथिनांच्या वाट्यात 7 ग्रॅम प्रथिनं, कॅलरी मात्र चरबीप्रमाणे 45, 75 किंवा 100. स्निग्ध वाट्यात 5 ग्रॅम चरबी, 45 कॅलरी. प्रथिनांचे तीन वाटे कमी चरबीचे आणि दोन मध्यम चरबीचे धरले की माझी बेरीज 1470 येते.

नियम एकच: एका गटातला कुठलाही पदार्थ त्याच गटातल्या दुसऱ्याशी बदलता येतो. ब्रेडचा एक काप नको असेल तर पाऊण मूठ बटाटा. म्हटलं, हे तर सोपं आहे.

साहित्य: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, मापाचे चमचे, एक वही. मापाचे चमचे घ्यायचा आळस केला. घरात चमचे काय कमी आहेत!

दिवस 2

पहिली चूक, आणि चांगलीच मोठी. यादीत भाताचा वाटा म्हणजे एक तृतीयांश कप. दुपारचे दोन वाटे म्हणून मी दोन तृतीयांश कप तांदूळ मोजून शिजवला. ताट डोंगरासारखं भरलं. आई बघून म्हणाली, “अरे, हे पथ्य आहे होय? मग मलाही लिहून आण.”

तिची चेष्टाच कामी आली. काट्यावर तेवढाच कोरडा तांदूळ पुन्हा ठेवला तर 124 ग्रॅम. त्यात 95 ग्रॅमच्या वर कर्बोदकं, म्हणजे सहाहून जास्त वाटे. दिवसभराचा पिष्टमय कोटा मी दोन्ही दिवस दुपारच्या एका जेवणात संपवला होता आणि त्यावर रात्रीचं निवांत जेवलो होतो. यादीतलं माप शिजलेल्या भाताचं असतं. एक वाटा म्हणजे शिजलेला भात सुमारे 53 ग्रॅम, कोरडा तांदूळ जेमतेम 20 ग्रॅम.

हीच चूक चिकनमध्ये उलट्या दिशेने केली. तिथेही माप शिजलेलं, हाडाविना असतं. मी कच्चं 85 ग्रॅम घेऊन तीन वाटे लिहिले. शिजल्यावर ते 64 ग्रॅम भरलं, म्हणजे सव्वादोन वाटे. कच्च्या चार भागांचे शिजून साधारण तीन होतात. भातात जास्त, चिकनमध्ये कमी, आणि वहीत मात्र सगळं बरोब्बर.

दिवस 4

आज मापं तपासली. वाटी पाण्याने भरून काट्यावर ठेवायची, जितके ग्रॅम पाणी तितके मिलिलिटर. ही पद्धत 1950 साली अमेरिकेत मधुमेहींसाठी बांधली गेली, त्यामुळे यादीतला कप तिकडचा, सुमारे 240 मिलिलिटरचा. माझा दुधाचा मग 330 चा निघाला. दोन मग दूध पिऊन दोन वाटे लिहीत होतो, प्रत्यक्षात पावणेतीन. शिवाय दूधही घरातलं पूर्ण मलईचं. त्याच्या एका कपात 8 ग्रॅम चरबी असते आणि कॅलरी 160 पर्यंत जातात. दूध बदललं.

तेलाचा ‘छोटा’ चमचा 11 मिलिलिटरचा. हवा होता 5 चा. निमूटपणे मापाचे चमचे आणले. चार दिवसांच्या नोंदी खोडल्या. हाच आळस पहिल्या दिवशी सोडला असता तर ते चार दिवस वाचले असते.

आमच्या घरातला दुसरा घोळ शब्दाचा होता. एक वाटी म्हणजे एक वाटा असं बायको आणि मुलगी दोघी धरून चालल्या होत्या. वाटी कच्च्या भाजीची असेल तर एक वाटा ठीक. भाताची तीच वाटी भरली तर तीन. फडताळातल्या तीन वाट्यांच्या बुडाला कायमच्या शाईने मिलिलिटर लिहून टाकले.

दिवस 7

वही बंद पडली. सकाळचं लिहायचो, दुपारचं आठवून, रात्रीचं दुसऱ्या दिवशी. आठवणीने लिहिलेल्या नोंदीत शेंगदाणे कधीच येत नाहीत.

त्याऐवजी बटणं. जुन्या शर्टांची आणि शिवणाच्या डब्यातली मिळून 25 बटणं गोळा केली: पांढरी सहा पिष्टमय, लाल तीन फळांची, निळी दोन दुधाची, हिरवी चार भाज्यांची, तपकिरी पाच प्रथिनांची, पिवळी पाच स्निग्धांची. सकाळी सगळी डाव्या वाडग्यात. खाल्लं की बटण उजव्या वाडग्यात. डाव्या वाडग्यात काय उरलंय ते बघून पुढचं जेवण ठरतं, हा फायदा वहीत नव्हता. अर्ध्या वाट्याचं काय, हा प्रश्न लगेच आला. अर्धं खाल्लं की बटण दोन वाडग्यांच्या मधोमध ठेवतो.

दिवस 9

रात्री भाजी म्हणून मोठा वाडगा मटार-बटाटा खाल्ला आणि चार हिरवी बटणं हलवली. भाजीच ना ती! यादी तसं मानत नाही. मटार, मका, बटाटा हे पिष्टमय गटात. अर्धा कप मटार किंवा 85 ग्रॅमचा उकडलेला बटाटा, प्रत्येकी एक पांढरं बटण. मी हिरव्या चार बटणांत 100 कॅलरी मोजल्या, खाल्ल्या होत्या 320, आणि त्यात फोडणीचं तेल धरलेलंच नाही.

आणखी अशीच एक जागा: चीज दुधाच्या गटात नसतं, प्रथिनांत असतं, तेही जास्त चरबीच्या. 28 ग्रॅमला 100 कॅलरी.

आणि केळं. एक मध्यम केळं म्हणजे एक फळ असं कोणालाही वाटेल. त्यात 27 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे जवळजवळ दोन लाल बटणं. लहान सफरचंद मात्र खरंच एक.

दिवस 13

गेले पाच दिवस संध्याकाळी सातनंतर डाव्या वाडग्यात दोन हिरवी आणि एक निळं बटण उरतं. पोटात मात्र आग. काल रात्री साडेदहाला उभ्या-उभ्या बिस्किटं खाल्ली. किती, ते मोजलं नाही. बटणंच नव्हती हलवायला.

बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, “कागदाची मागची बाजू पाहिलीत का?” पाहिली नव्हती. मागे प्रत्येक जेवणाचे वाटे वेगळे लिहिले होते. पिष्टमय सहा असे: सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी एक, रात्री एक. प्रथिनं सकाळी एक, दुपारी दोन, रात्री दोन. मी सकाळी तीन, दुपारी तीन पांढरी बटणं उडवत होतो आणि सकाळी प्रथिनं शून्य.

आता दोनऐवजी पाच वाडगे. चार जेवणांचे चार आणि एक ‘संपलं’चा. सकाळी एक अंडं सुरू केलं. अंडं म्हणजे मध्यम चरबीच्या प्रथिनांचा एक वाटा. उकडलेलं असेल तर. तळलं तर पिवळं बटणही जातं.

दिवस 16

भूक आटोक्यात. कच्च्या काकडी-कोबीसारख्या भाज्यांचा एक वाटा म्हणजे अख्खा कप, हे मला आधी फसवणूक वाटायचं. आता संध्याकाळी त्याचाच आधार आहे.

दिवस 21

तीन आठवडे झाले. वजनाची सरासरी: पहिला आठवडा 82.4, दुसरा 82.2, तिसरा 82.5.

बटणं रोज नेमकी. मापाचे चमचे वापरतोय. तरी ढिम्म हालचाल नाही. बायको म्हणाली, “यादी चुकीची असेल.” मलाही तेच म्हणायला आवडलं असतं.

संशय तेलावर. माझं मी वेगळं काही शिजवत नाही, चौघांचं एकत्र होतं. मी दिवसाला तेलाची दोन-तीन पिवळी बटणं धरतो, बाकीची शेंगदाण्यांना आणि लोण्याला. हा दोन-तीनचा आकडा आला कुठून? माझ्या डोक्यातून. स्वयंपाक आम्ही तिघं आळीपाळीने करतो आणि बाटली तिरकी करून ओततो.

आज एक लिटरची नवी बाटली उघडली, तिच्यावर तारीख लिहिली. कोणालाही काही सांगितलं नाही, स्वतःही नेहमीसारखंच ओतलं.

दिवस 30

बाटली नऊ दिवसांत संपली. 1000 मिलिलिटर म्हणजे 200 छोटे चमचे. नऊ दिवसांनी भागले तर दिवसाला 22, चौघांत विभागून माणशी साडेपाच. माझा स्निग्धांचा अख्खा कोटा पाचचा. म्हणजे तेलातच तो उलटून गेला होता आणि वर शेंगदाणे, लोणी चालूच. रोजच्या सुमारे तीन जादा वाट्यांची, म्हणजे 135 कॅलरींची नोंद हिशेबात कुठेच नव्हती. कढईला चिकटलेलं, ताटाबाहेर गेलेलं थोडं सोडून द्या, तरीही.

हे पूर्ण नऊ दिवस वाया गेले असं मला आधी वाटलं. पण दुसऱ्या कुठल्याही मार्गाने हा आकडा मिळाला नसता. हे काम करू पाहणाऱ्याने बाटलीवर तारीख पहिल्याच दिवशी घालावी. बाटलीला लाजभीड नसते.

उपाय: मापाचा चमचा रबरबँडने बाटलीलाच बांधला. एका भाजीला जास्तीत जास्त चार चमचे, म्हणजे माणशी एक. पहिल्या दिवशी कांदा लागला, कढईला धरला. आच कमी केली, झाकण ठेवलं, मध्ये दोन चमचे पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी जमलं. आईला फरक कळला, मुलीला नाही.

दिवस 33

एकत्र पातेल्यातला माझा वाटा कसा काढायचा, यात बराच वेळ गेला. शेवटी ठरलेली रीत लिहून ठेवतो.

रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून भिंतीवर लिहिलं. आज मसुराची डाळ केली: कोरडी 150 ग्रॅम, ती शिजून साधारण 400 ग्रॅम होते. शिजलेली डाळ अर्धा कप, म्हणजे सुमारे 100 ग्रॅम, एका वेळी दोन गटांत बसते: एक पिष्टमय आणि एक कमी चरबीचं प्रथिन. म्हणजे पातेल्यात चार अधिक चार. तेल चार चमचे, म्हणजे चार स्निग्ध. शिजलेले कांदा-टोमॅटो-गाजर दोन कप, म्हणजे चार भाज्या. पाण्यासकट सगळ्याचं वजन 1100 ग्रॅम. माझे 275 ग्रॅम, त्यात प्रत्येक गटाचं एकेक बटण.

काल हेच पळीने मोजायला गेलो आणि फसलो. वरचं पातळ माझ्या ताटात, खालचं घट्ट मुलीच्या. तिला दोन वाटे डाळ, मला वाटाभर कोमट पाणी. वाढण्याआधी तळापासून ढवळायचं, हे लिहायची गरज पडावी याची लाज वाटते, पण लिहितो.

दिवस 38

चौथ्या-पाचव्या आठवड्याची सरासरी 82.0 आणि 81.4. हललं एकदाचं.

या आनंदात अतिशहाणपणा केला. तीन पांढऱ्या बटणांच्या 240 कॅलरी, सहा पिवळ्यांच्या 270. जवळपास सारखंच, म्हणून चार दिवस भात-ब्रेड कमी करून त्या जागी बदाम-शेंगदाणे खाल्ले. बाईंना कौतुकाने सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “कर्बोदकं किती कमी झाली, सांगा?” तीन पंधरा पंचेचाळीस ग्रॅम. पिष्टमय, फळ आणि दूध यांची आपसात अदलाबदल अधूनमधून चालते, कारण तिघांत कर्बोदकं 15, 15 आणि 12 अशी जवळपास आहेत. पिष्टमयाच्या जागी स्निग्ध टाकलं तर तो यादीतला बदल उरत नाही, नवीच योजना होते. माझं फार बिघडलं नाही. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने हे मनाने केलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पांढऱ्या बटणांना हात लावू नये.

शिवाय बदामाचा वाटा सहा दाण्यांचा, शेंगदाण्यांचा दहा. मूठभर शेंगदाणे म्हणजे तीन वाटे सहज. मूठ कोणाची, हाही प्रश्न आहेच.

दिवस 45

पाकिटातल्या तयार जेवणाचे वाटे पाडायला शिकलो. वेष्टनावर एका वाढपात कर्बोदकं 32 ग्रॅम, प्रथिनं 13, चरबी 11. आधी कर्बोदकांना 15 ने भागायचं: दोन पिष्टमय. त्यांच्यासोबत प्रथिनं 6 आणि चरबी 2 गेली. उरलेली प्रथिनं 7, म्हणजे कमी चरबीचा एक वाटा, त्यात आणखी 2 ग्रॅम चरबी. उरली 7 ग्रॅम चरबी, दीड स्निग्ध. एकूण 160, 45 आणि 67 मिळून 272 कॅलरी, वेष्टनावर 279. मी खुश.

खुशी पाकीट रिकामं होईपर्यंत टिकली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पाकिटात अडीच वाढपं.

दिवस 52

दोन दिवस बाहेर खाणं. बटणं खिशात घेऊन गेलो होतो, हलवायची हिंमत झाली नाही. सोडून दिलं.

दिवस 55

काटा एका रात्रीत 1.1 किलो वर. बाहेरच्या खाण्यातलं मीठ आणि त्याने धरलेलं पाणी. घाबरून काल प्रथिनांचे दोन वाटे गाळले आणि रात्री पुन्हा बिस्किटांच्या डब्याशी उभा होतो. आजपासून रोजचा आकडा फक्त लिहायचा, बघायची ती आठवड्याची सरासरी. तीन दिवसांनी वजन आपोआप जागेवर.

दिवस 66

तारीख घातलेली दुसरी बाटली 36 व्या दिवशी उघडली होती, ती 51 व्या दिवशी संपल्याचं आज हिशेबात आलं. पंधरा दिवस. दिवसाला तेरा चमचे, माणशी सव्वातीन. पाचातून सव्वातीन गेले की लोणी-शेंगदाण्यांना पावणेदोन उरतात. पुरतात.

दिवस 71 ते 77

चाचणी: आठवडाभर आधी डोळ्यांच्या अंदाजाने वाढायचं, मग काट्यावर ठेवायचं. काटा कायम बरोबर नेता येत नाही, म्हणून.

भाताचे दोन वाटे हवे होते 106 ग्रॅम. वाढले 148, 131, 126, 120, 109, 112, 108. डोळा शिकतो. मासा-चिकन पहिल्यापासूनच पाच ग्रॅमच्या आत, कारण तुकड्याला आकार असतो. दूध बुडाला खूण केलेल्या पेल्यात, चूक नाही. फळांत द्राक्षांनी फसवलं: वाटा 17 मण्यांचा, मी घोसच उचलत होतो.

तेल: 5 मिलिलिटर हवं. ओतलं 9, 8, 9, 10, 8, 9, 9. सात दिवसांत काडीची सुधारणा नाही. तेल पसरतं, कढई मोठी, आणि हात सैल.

दिवस 84

बाराव्या आठवड्याची सरासरी 78.8. सुरुवातीपासून पावणेचार किलोच्या आसपास, त्यातले पहिले तीन आठवडे शून्य धरा.

वेळेचा खर्च: पहिल्या आठवड्यात मोजणं, खोडणं, पुन्हा लिहिणं यात रोज 40-45 मिनिटं. आता पाच-सहा. वाया गेलेले दिवस: भाताचे दोन, मापांचे चार, वहीचे तीन, बदामांचे चार.

पांढरी, लाल आणि तपकिरी बटणं आज आईच्या शिवणाच्या डब्यात परत गेली. एक पांढरं मिळालंच नाही. ते तिने गेल्या महिन्यातच माझ्या शर्टाला लावलं होतं आणि मी पाच बटणांवर दिवस काढत होतो, हे आज कळलं. तेव्हा नेमकं वजन का जास्त भराभर उतरलं, त्याचा उलगडाही झाला. बाईंना फोन करून कबूल केलं. त्या हसल्या, पण सहावा वाटा पुन्हा चालू करायला सांगितलं.

पिवळी पाच ओट्यावरच आहेत. चमचा बाटलीला बांधलेला आहे, रबरबँड नवा घातला. नव्या बाटलीवर आजची तारीख लिहिली.